हातोडीचं कातडं

टोकियोच्या हत्तोरी शेटशी माझं वैर आहे. मी त्याला कधी पाहिलं नाही. आमचं दुकान जळालं तेव्हा तो मरून चौदा वर्षं झाली होती, आणि हिंगोली नावाचं गाव जगात आहे हे त्याला कळायचं काहीच कारण नव्हतं. तरी वैर आहे. आमचं घर त्याच्या गोष्टीनं जेवढं धुऊन नेलं, तेवढं आगीनंही नेलं नाही.

गोष्ट आमच्याकडे आणली सिकंदराबादच्या एका फिरत्या विक्रेत्यानं, सन पस्तीसच्या सुमारास. तो अब्बांना जपानी घड्याळं विकायला आला होता. माझे अब्बा, दस्तगीर घड्याळजी, मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या, रस्त्यावर पत्र्याच्या खोलीत बसायचे. विक्रेत्यानं चित्रांची वही उघडली, चहा प्यायला आणि गोष्ट सांगितली. पहिल्या फेरीत घड्याळं पाच-सातच खपवली त्यानं, पण गोष्ट कायमची ठेवून गेला. त्यानंतर हिंगोलीत असं एक गिऱ्हाईक उरलं नसेल ज्याला ती ऐकावी लागली नाही.

"पोरगा होता," अब्बा डोळ्याचं भिंग कपाळावर चढवून सुरू करायचे. "टोकियोत एका दुकानात कामाला. पाऊस आला की धंदा बंद, सगळे बसून राहायचे. शेजारी घड्याळाचं दुकान. तिथले कारागीर पावसातबी खाली मान घालून काम करून राहिले. पोरगा म्हणला, हा धंदा आपला. एकविसाव्या वर्षी सोताचं दुकान. जुनी मोडकी घड्याळं घ्यायची, दुरुस्त करायची, इकायची. मग कारखाना टाकला, सेकोशा. आधी भिंतीवरची केली, अमेरिकेच्या मशीनवरून शिकून. मग खिशातली, मग मनगटावरची. काटा, चाक, कमान, समदं घरचं."

इथं अब्बांचा आवाज खाली यायचा. "आन मग एक दिवस जमीन हालली. टोकियो पेटलं. कारखाना राख. गिऱ्हाइकांची दुरुस्तीला आलेली दीड हजार घड्याळं जळाली. काय केलं आसंल शेटनं? अखबारात छापलं. ज्याचं ज्याचं जळालं त्यानं यावं, नवं घेऊन जावं. दीड हजार माणसांला!"

गिऱ्हाईक जांभई द्यायचं. त्याला आपलं घड्याळ कधी मिळणार एवढंच हवं असायचं. आणि ते लवकर कधीच मिळत नसे, कारण अब्बांचा एक कायदा होता. दुरुस्त झालेलं घड्याळ आठ दिवस आमच्या खिळ्यावर चालल्याशिवाय मालकाच्या हातात द्यायचं नाही. आठ दिवसांत अर्धा मिनिट चुकलं तर पुन्हा उघडायचं, पुन्हा आठ दिवस. लोक चिडायचे. तहसीलचा कारकून एकदा खुर्ची आपटून गेला. अब्बांनी मान वर केली नाही.

मान वर न करणं हा त्यांचा दुसरा कायदा. त्यांना मशीन ओळखू यायची, माणूस नाही. 'ज्याच्या तिसऱ्या चाकाचा दात झिजला होता तो' असं ते माणसाबद्दल बोलत. नावं लक्षात ठेवायचं काम माझं. सासरहून मला दोन वर्षांत परत पाठवलं होतं. तोंड फार चालतं, एवढाच गुन्हा. मी आले आणि दुकानातल्या प्रत्येक घड्याळाला मालकाच्या नावाची चिठ्ठी बांधायला लागले. रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी सगळ्यांना चावी द्यायची, तीही मीच.

लढाई सुरू झाली आणि जपान दुश्मन ठरला तेव्हा एक हवालदार दुकानात येऊन जपानी मालाची चौकशी करून गेला. अब्बा घाबरले. राहिलेली जपानी घड्याळं पत्र्याच्या पेटीत भरून त्यांनी रिसाला मोहल्ल्यातल्या आमच्या घरी आणली आणि अम्मीच्या पलंगाखाली सरकवली. लढाई संपली, पेटी तिथंच राहिली. अम्मी गेली, तरी पेटी तिथंच राहिली. अठरा घड्याळं, सगळी कोरी. आमच्याकडे दौलत म्हणावी अशी तेवढीच होती.

आता ग्यानबाकाकांचं घड्याळ सांगते, कारण सगळं त्याच्यावरच आहे. ग्यानबा हे मोंढ्यातले हळदीचे अडते, आमच्यापासून दहा पावलांवर त्यांची अडत. त्यांच्या भिंतीवरचं आठकोनी लाकडी घड्याळ अब्बांनीच त्यांना विकलेलं, सेकोशाचं. सन अठ्ठेचाळीसच्या श्रावणात ते दुरुस्तीला आलं. ठोके कर्कश पडत होते. आत जी हातोडी असते, जी तारेच्या वेटोळ्यावर पडते, तिच्या तोंडाचं कातडं वाळून गळून पडलं होतं. लोखंडावर लोखंड आपटत होतं.

"नवं कातडं चालत न्हाई," अब्बा म्हणाले. "कडक ऱ्हातं. पायानं मऊ झालेलं पाहिजे."

पायानं मऊ झालेलं कातडं घरात एकच होतं. अम्मीची चप्पल. हलीमा नाव माझ्या अम्मीचं. तिला जाऊन वर्ष झालं होतं आणि तिच्या चपला मी कपड्यात गुंडाळून ठेवल्या होत्या. अब्बांनी मागितलं नाही. मीच आणली, टाचेजवळचा तुकडा नखाएवढा कापला आणि हातोडीला चिकटवला. घड्याळ वाजलं तेव्हा आवाज असा आला, की कुणीतरी शेजारच्या खोलीतून हळू हाक मारावी. मी रडले. अब्बांनी भिंग डोळ्याला लावलं आणि उगाच एक रिकामी डबी तपासत बसले.

ग्यानबाकाका तीनदा घड्याळ मागायला आले. तिन्ही वेळा अब्बा म्हणाले, "आठ दिवस झाले न्हाईत." तिसऱ्यांदा काका मला म्हणाले, "तुझ्या बापाला सांग, दिवस बराबर न्हाईत. माझी वस्तू मला दे." दिवस बरोबर नव्हतेच. त्या उन्हाळ्यात हैद्राबादचं राज्य राखायला बंदुका घेतलेल्या पोरांच्या टोळीनं काकांच्या धाकट्या भावाचं कापडाचं दुकान पेटवलं होतं, अगदी आमच्या दुकानासमोर. ते पेटवणारे आमच्या नमाजाच्या रांगेतले होते. भाऊ दोन महिने हाताला पट्ट्या बांधून होता. तेव्हापासून काका दुकानात आले तरी बसत नसत.

मग सप्टेंबरात इंडियन युनियनची फौज आली, बंदुकांवाली पोरं पळून गेली आणि मागे राहिलेल्या आमच्यासारख्यांवर गर्दी आली. आम्ही रिसाल्यातल्या घरात कडी लावून बसलो होतो. भर दुपारी मोंढ्याच्या बाजूनं धूर दिसला. संध्याकाळी शेजाऱ्यानं येऊन सांगितलं, घड्याळाचं दुकान गेलं. गर्दीत कोण होतं असं मी विचारलं. त्यानं पाच-सहा नावं घेतली. त्यात एक ग्यानबा अडत्याचं होतं.

चार दिवसांनी गेलो तर वाकडे झालेले पत्रे आणि राख. अब्बांनी राखेत हात घालून एक पितळी चाक काढलं, फुंकलं आणि खिशात टाकलं. तेवढंच.

हैद्राबादहून कमरजहाँ खालाचं पत्र आलं, निघून या, इथं जागा आहे. मी एका दिवसात गाठोडी बांधली. पेटी पलंगाखालून ओढली. अठरा कोरी घड्याळं घेऊन हैद्राबादला नवं दुकान टाकता येईल, एवढं मलाही कळत होतं. या गावाचं तोंड पुन्हा पाहायचं नाही असं मी ठरवलं होतं आणि त्या विचारानं मला खूप बरं वाटत होतं.

अब्बा पेटीवर बसले.

"दुकानात एकुणीस होती," ते म्हणाले. "नावं सांग."

मला कळलं. "अब्बा, ते टोकियो होतं! तिथं जमीन हालली. इथं माणसांनी लावली आग. ज्यांनी लावली त्यांलाच घड्याळं वाटणार तुमी?"

"घड्याळं माझ्या खिळ्यावर होती. आग कोणी लावली हे खिळा इचारत न्हाई."

"आन आमी काय खावं?"

"हात हायेत. नावं सांग."

मी काय नाही बोलले! हत्तोरी शेटच्या सात पिढ्या काढल्या. त्याच्याकडं कारखाना होता, तुमच्याकडं पेटी आहे, म्हटलं. अब्बा ऐकत बसले. रात्री जेवले नाहीत, सकाळी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी दुपारी मी हरले आणि नावं सांगितली. एकेक नाव दातातून काढल्यासारखं. अठरा सांगितली आणि थांबले.

"आठकोनी लाकडी राहिलं," अब्बा म्हणाले. "ते कोणाचं?"

"ध्यानात न्हाई."

"अख्तरे," अब्बा शांतपणे म्हणाले, "तुझ्या अम्मीचं कातडं ज्याला लावलं ते तुझ्या ध्यानात न्हाई?"

मला ते नाव घ्यायचं नव्हतं. मेले तरी घ्यायचं नव्हतं. घेतलं.

पेटीत अठरा, जळालेली एकोणीस. एक कमी पडत होतं. अब्बांनी बंडीच्या खिशातलं स्वतःचं घड्याळ काढून पेटीत ठेवलं. त्यांनी विकत घेतलेलं पहिलं जपानी घड्याळ ते. "हे भीमसिंगाला," म्हणाले. भीमसिंग म्हणजे कनेरगाव नाक्याकडच्या तांड्यातला. दूरचा, म्हणून शेवटी.

दिवाळीनंतर आम्ही दारोदार फिरलो. लोकांनी आमचे आभार मानले असं कुणाला वाटत असेल तर त्यानं हिंगोली पाहिलेली नाही. एकानं दाराच्या फटीतून हात काढून घड्याळ घेतलं आणि दार लावलं. एक म्हणाला, "जपानी? माझं स्वीस होतं." तहसीलच्या कारकुनानं कानाला लावून पाहिलं आणि विचारलं, "हे तरी आठ दिवस चालवून पाह्यलं का?" त्याला हसू आलं, मला त्याचं नरडं धरावंसं वाटलं. अब्बा म्हणाले, "व्हय जी, पाह्यलं." एका म्हाताऱ्या मास्तरांनी घ्यायला नकार दिला, डोळे पुसले आणि म्हणाले, "तुमच्याकडं ऱ्हाऊ द्या." अब्बांनी ते त्यांच्या खिडकीत ठेवलं आणि आम्ही निघालो. मला तर त्या मास्तरांचाही राग आला. एवढं वाईट वाटत होतं तर त्या दिवशी कुठं होते?

अठराव्या दिवशी ग्यानबाकाकांचं घर. दुपारचे चार वाजत आले होते. काका ओसरीवर सुपारी कातरत बसलेले. आम्हाला पाहून अडकित्ता हातातच राहिला. या म्हणाले नाहीत. आम्ही पायरीखाली उभे.

"ग्यानबाशेट," अब्बा म्हणाले, "तुमचं घड्याळ माझ्याकडं होतं. गेलं. भिंतीवरचं माझ्याकडं न्हाई. हे खिशातलं घ्या. एकाच कारखान्याचं हाये."

काकांनी अडकित्ता खाली ठेवला. अब्बांच्या तळहातावरच्या घड्याळाकडे पाहत राहिले. मग हळूहळू हात पुढं केला. बोटं घड्याळाला लागली.

आणि माजघरातून हाक आली.

मला पहिल्या ठोक्याला कळलं. माझ्या अम्मीच्या चपलेचा आवाज मी ओळखणार नाही? दुसरा पडला, तिसरा, चौथा. चार वाजले होते, पण घड्याळ थांबेना. पाच, सहा, सात. काकांचा हात तसाच पुढं राहिला. अकरा ठोके देऊन ते गप्प झालं.

ही जुन्या धाटणीची मशीन. तिच्यात ठोके मोजणारं एक खाचांचं चाक असतं. ते काट्यांकडे बघत नाही, आपल्या पाळीनं पुढं सरकतं. काटे भराभर फिरवले, प्रत्येक तासाला थांबून ठोके पडू दिले नाहीत, की काटे एकीकडे आणि ठोके दुसरीकडे. म्हणून दुरुस्त झालेलं असं घड्याळ आम्हीच घरी जाऊन टांगायचो आणि ठोके जुळवून द्यायचो. ज्यानं घड्याळ आमच्या हातून घेतलं नाही, त्याच्याच घरी ते असं वाजणार.

"आत हाये," मी म्हणाले. "तुमी आधी येऊन तुमचं तेवढं काढून नेलं! बाकीची अठरा टांगलेली दिसली न्हाईत का तुमाला? पेटणार हे तुमाला म्हाईत होतं, काका. म्हाईत होतं म्हणून तर नेलं!"

"म्या न्हाई लावली काडी," काका म्हणाले.

"आन आता हेबी घेऊन राहिले होते!"

काका उठले. तोंड काळंठिक्कर पडलं होतं, पण मान ताठ. "दस्तगीरभाई, उन्हाळ्यात माझ्या भावाचं दुकान जळलं. तुमच्यासमोर. तुमी काय केलं होतं?"

मी तोंड उघडलं होतं. अब्बांनी हात वर केला.

"दार लावून घेतलं होतं," ते म्हणाले. "आतून कडी घातली. त्याची हाक ऐकू येत होती."

हे मला माहीत नव्हतं. त्या दिवशी मी घरी होते. अब्बांनी एवढ्या महिन्यांत मला सांगितलं नव्हतं. मग ती पेटी, ती दारं, तो टोकियोचा शेट, सगळं कशापायी होतं ते एकदम माझ्या ध्यानात आलं आणि मला अब्बांचाही राग आला. काकांचा कमी झाला असं मात्र नाही.

"इस्टूल द्या," अब्बा म्हणाले.

कुणीतरी आतून इस्टूल आणलं. अब्बा माजघरात गेले, चढले, घड्याळाचं दार उघडलं आणि आतली एक बारीक तार बोटानं वर उचलली. तार उचलली की मशीन पुढची पाळी ठोकते. आधी साडेअकराचा एक, मग बारा पडले. पुन्हा उचलली, साडेबाराचा एक. एकाचा एक, दीडचा एक. दोन. सगळं घर उभं राहून ऐकत होतं. तीन. काकांची बायको पदर तोंडाला लावून दारात उभी होती. शेवटी चार पडले आणि अब्बांनी बोट काढून घेतलं.

"आता बराबर झालं," ते म्हणाले आणि उतरले.

मी इस्टुलावर चढले. मला कुणी अडवलं नाही. हातोडीच्या तोंडाला नख लावलं, कातडं सोलून काढलं आणि ओढणीच्या टोकाला बांधलं.

"घड्याळ तुमचं हाये," मी काकांना म्हणाले. "हे माझ्या अम्मीचं हाये."

रस्त्यावर आल्यावर अब्बांनी ते खिशातलं घड्याळ बराच वेळ हातात धरलं. मी विचारलं, "तुमच्या त्या शेटला असा एखादा भेटला नसंल का?"

"भेटला आसंल," अब्बा म्हणाले. "गोष्टीत येत न्हाई, एवढंच."

काकांसाठी नेलेलं घड्याळ आम्ही भीमसिंगाला दिलं आणि अब्बांचं त्यांच्या बंडीत परत गेलं. पेटी रिकामी झाली. रिकाम्या पेटीवर हैद्राबादचा धंदा होत नाही. राहिलो इथंच. जळक्या जागेवर चार बांबू, वर गोणपाट, खाली एक मेज. पहिले पंधरा दिवस कुणी फिरकलं नाही.

सोळाव्या दिवशी ग्यानबाकाका आले. काखेत आठकोनी घड्याळ. मेजावर ठेवलं. अब्बांनी मान वर केली नाही, म्हणून ते माझ्याशी बोलले.

"लई कर्कश वाजतं. घरात बसवत न्हाई. भाऊ तर उठून भाईर जातो." मग म्हणाले, "कातडं बसवून दे, पोरी."

"कातडं न्हाई आमच्याकडं," मी म्हणाले. "नवं चालत न्हाई. पायानं मऊ झालेलं लागतं. चपला तुमच्या घरीबी असतीलच."

मोंढ्यातली दहा माणसं बघत होती. काका माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आता घड्याळ उचलतील आणि शिव्या देत जातील. जावेत असंच मला वाटत होतं. त्यांनी उजव्या पायातली वहाण काढली, धोतराच्या सोग्यानं पुसली आणि मेजावर घड्याळाशेजारी ठेवली.

मी कात्री घेतली. टाचेच्या कडेचा तुकडा घेतला असता तर वहाण पुन्हा वापरता आली असती. मी बरोबर मधोमध कापलं.

मी कातडं बसवेपर्यंत काका एक पाय अनवाणी घेऊन उन्हात उभे राहिले. अब्बांनी चावी दिली, ठोके ऐकले आणि घड्याळ बांबूच्या खिळ्यावर टांगलं.

"आठ दिवसांनी या," ते म्हणाले.

"व्हय," काका म्हणाले आणि तसेच घरी गेले.